जळगाव एमआयडीसीला रोज मोटारसायकलने ये-जा : ‘सावकाश चालव’ म्हणजे नेमकं काय करायचं?

वाघूरकाठ (साकेगाव)

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात नोकरी लागली आहे. साकेगावहून रोज मोटारसायकलने जाणार. जायला वीसेक किलोमीटर, यायला तेवढेच, आणि जवळजवळ सगळा महामार्ग. गाडी नवीन आहे, १२५ सीसीची. भुसावळला कॉलेजात तो गाडीवरच जायचा, हात बसलेला आहे, लायसन्स आहे. पण महामार्गाची रोजची सवय नाही. एक आठवडा आठ ते पाच, पुढचा आठवडा दुपारपाळी, म्हणजे तेव्हा रात्री बारानंतर निघणार.

घरात जो तो त्याला एकच सांगतो, सावकाश चालव. आई सांगते, काका सांगतात, शेजारचे आबा सांगतात. तो प्रत्येकाला हो म्हणतो. मला विचारायचंय की सावकाश म्हणजे करायचं काय? चाळीसने चालवली तर मागचे ट्रक अंगावर येतात. कडेने चालवली तर उलट दिशेने येणारे समोर. रोज या रस्त्याला असणाऱ्यांनी नेमक्या सवयी सांगाव्यात. कुठे काय बघायचं, हात कुठे ठेवायचा, गाडी रस्त्याच्या कोणत्या भागातून न्यायची. हेल्मेट घेतलेलं आहे. ते घाल म्हणून सांगायला नको, मी दारात उभी राहून घालायला लावते.

बियाणेवाला (फैजपूर)

ताई, मी बियाणे कंपनीचं फिल्डचं काम करतो. इकडे रावेर-सावदा, तिकडे यावल-चोपड्यापासून शिरपूरपर्यंत शेतकऱ्यांच्या बांधावर जावं लागतं, आणि मोटारसायकलशिवाय हे काम होत नाही. तुमचा जळगाव-भुसावळ रस्ताही पायाखालचा आहे. तुमचा प्रश्न फार योग्य आहे, म्हणून सविस्तर लिहितो. भावाला निवांत वाचू द्या.

पहिली गोष्ट वेगाची नाहीच. गाडीवर बसताना त्याने असं धरून चालावं की रस्त्यावर आपण कोणालाही दिसत नाही. घाबरवायला सांगत नाही, खरंच तसं होतं. कारच्या पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना जे खांब असतात, त्यांच्या आड माणसासकट अख्खी मोटारसायकल लपते. फाट्यावर थांबलेला कारवाला आपल्याकडे मान वळवून बघतो, आपल्याला वाटतं त्याने पाहिलं, आणि तो सरळ गाडी काढतो. त्याची नजर ट्रक येतोय का, बस येतेय का, हे शोधत असते. बारीक वाहन नजरेखालून जातं तरी नोंद होत नाही. शिवाय एकटा दिवा किती वेगाने जवळ येतोय याचा अंदाज माणसाला नीट बांधता येत नाही, म्हणून त्याला वाटतं निघून जाऊ. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही चालू राहतो, तो थोडंफार जास्त दिसावं म्हणूनच. पण दिवा चालू आहे म्हणजे आपण दिसलो, हे भावाने कधीही गृहीत धरू नये.

मग फाट्यावर बघायचं काय? ड्रायव्हरचा चेहरा नाही, त्याच्या गाडीचं पुढचं चाक. चेहऱ्यावरून काही कळत नाही. चाक जरासं फिरलं की तो निघाला. आपण तिथे पोचण्याआधीच अॅक्सिलेटर ढिला, दोन बोटं पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर तयार पाहिजे. साठच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. संकट दिसल्यावर हात ब्रेककडे नेण्यात तो सेकंद जातो. हात आधीच तिथे असला तर त्यातला बराच वाचतो. फाटा असो, पेट्रोल पंप असो, ढाब्याचं तोंड असो, दुभाजकाची तोड असो, ही सवय इतकी अंगवळणी पडली पाहिजे की बोटं आपोआप तिकडे गेली पाहिजेत.

आता तुमच्या भावाच्या रस्त्याची एक गंमत नाही, धोका आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. सकाळी साकेगावहून जळगावला येताना तो पश्चिमेला तोंड करून असणार, सूर्य पाठीशी. संध्याकाळी परतताना पूर्वेला, सूर्य पुन्हा पाठीशी. त्याला रस्ता लख्ख दिसेल. पाळधी-एरंडोलकडून जळगावात येणाऱ्यांच्या डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ ऊन जातं, तसं त्याचं होणार नाही. पण त्याच्यासमोर असणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत तेच ऊन असतं. दुभाजकाच्या तोडीतून वळायला थांबलेला, कडेने उलट दिशेने येणारा, हे सगळे उन्हाकडे तोंड करून असतात. हिवाळ्यात सकाळी साडेसात-आठला आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला हा त्रास सर्वात जास्त. खूण सोपी आहे. आपलीच सावली आपल्यापुढे लांबलचक पडलेली दिसली, की समोरच्याला आपण दिसत नाही. तेवढा वेळ प्रत्येक तोडीपाशी गाडी हळू झालीच पाहिजे.

रस्त्याच्या कोणत्या भागातून न्यायची, हे तुम्ही विचारलंत. कडेच्या पांढऱ्या पट्टीला चिकटून नाही. तिथे खडी, वाळू, पंक्चर काढत उभा असलेला ट्रक, एसटीची वाट बघणारे, आणि तुम्ही म्हणता ते उलटे येणारे, सगळे तिथेच. चौपदरीवर तोड लांब पडते म्हणून शेतातला माणूस दूध घेऊन कडेकडेने उलटाच येतो. तो येणारच असं धरून चालायचं. भावाने डाव्या लेनमध्ये राहावं, पण त्या लेनमधल्या उजव्या चाकोरीत, म्हणजे पुढच्या गाडीचं उजवं चाक जिथून जातं तिथून. तिथून पुढचा रस्ता लांबपर्यंत दिसतो, पुढच्याच्या उजव्या आरशात आपण असतो, आणि डावीकडे गाडी सरकवायला दोन हात जागा उरते. लेनच्या मधोमध अवजड गाड्यांचं ऑइल ठिबकलेलं असतं. पाऊस पडला की तो पट्टा टाळायचा.

वेग. चाळीसने मागचे अंगावर येतात हे तुमचं बरोबर आहे. महामार्गाच्या मोकळ्या भागात पन्नास-पंचावन्न ठीक, वस्ती आली की चाळीसच्या खाली. साठने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर, माणूस सावध असताना, पूर्ण थांबायला साधारण चाळीस मीटर घेते. चाळीसने जाणारी वीस-एकवीस मीटरमध्ये थांबते. आणि वीस किलोमीटरच्या रस्त्याला साठऐवजी पन्नासने गेलं तर फरक पडतो चार मिनिटांचा. चार मिनिटं आधी निघायचं, झालं. भावाला हे गणित स्वतः करायला सांगा, सांगून पटत नाही ते आकड्याने पटतं.

मागचा ट्रक खूपच चिकटला तर घाबरून ब्रेक मारायचा नाही आणि जोरात पळवायचीही नाही. आपल्या पुढचं अंतर वाढवायचं, म्हणजे थांबायची वेळ आली तर हळूहळू थांबता येईल आणि मागच्यालाही वेळ मिळेल. जागा दिसली की डावीकडे सरकून त्याला जाऊ द्यायचं. तो निघून गेला की आपला रस्ता पुन्हा आपला.

पुढच्या गाडीशी अंतर किती, याला माझी पद्धत अशी. पुढची गाडी किलोमीटरच्या दगडापाशी किंवा एखाद्या झाडापाशी पोचली की मनात मोजायला लागायचं, एक हजार एक, एक हजार दोन. ते संपायच्या आत आपण त्या दगडापाशी पोचलो तर फार जवळ आहोत. ट्रकच्या मागे असू तर चारपर्यंत मोजायचं. कारण ट्रकवाला खड्डा दोन चाकांच्या मधे घेऊन निघून जातो, आणि तो खड्डा आपल्याला दिसतो तेव्हा आपण त्यात असतो. पाऊस असेल तर आणखी वाढवायचं.

अजून एक सवय, जी मला सगळ्यात मोलाची वाटते. चालता चालता मनाला विचारत राहायचं, आत्ता पुढचा जागच्या जागी थांबला तर मी कुठे जाईन? डावीकडे मोकळं आहे की नाही? उत्तर नसेल तर अंतर वाढवायचं किंवा जागा बदलायची. जळगावात अजिंठा चौफुलीवर सिग्नलला थांबतानासुद्धा पुढच्या ट्रकच्या बरोबर मागे थांबायचं नाही. जरा बाजूला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, आणि मागचं वाहन थांबेपर्यंत नजर आरशात. मागचा थांबला नाही तर निसटायला वाट हवी.

नशिराबादसारख्या ठिकाणी गावातून रस्त्यावर येणारे बरेच. एसटी थांबलेली दिसली की तिच्या पुढून माणूस निघणारच, हे धरून चालायचं. बसचं तोंड ओलांडेपर्यंत बोटं ब्रेकवर. संध्याकाळी म्हशी परतताना एक म्हैस रस्ता ओलांडून गेली म्हणजे झालं असं नाही, मागे दुसरी असते. कुत्रा किंवा रोही (नीलगाय) आडवा आला तर हँडल झटकायचं नाही, गाडी सरळ ठेवून ब्रेक लावायचा. झटका दिलेली गाडी पडते आणि शेजारच्या लेनमधल्या चाकाखाली जाते.

पावसाळ्यात पहिल्या सरीला रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ एक होऊन जो चिकटा होतो, तो फार निसरडा. त्यानंतर ट्रॅक्टर शेतातून बाहेर येताना चाकाला काळी माती घेऊन येतात, फाट्यापासून शंभर-दोनशे पावलं डांबरावर ती पसरलेली असते. आमच्याकडे यावल-फैजपूर रस्त्यावर त्यात केळीच्या गाड्यांतून पडलेली पानं. अशा जागी ब्रेक नाही, वळण नाही, वेग आधीच कमी करून सरळ निघून जायचं. पुलांवरचे लोखंडी जोड आणि रूळ ओलांडतानाही तसंच, शक्य तितकं काटकोनात. आणि दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्या. ट्रॉली जेवढी रुंद, त्यापेक्षा कापूस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर असतो. ओलांडताना ट्रॉलीच्या चाकाकडे बघून अंतर ठेवू नये, कापसाकडे बघून ठेवावं.

केळीगाडी (सावदा)

बियाणेवाला भाऊंनी बरोबर लिहिलंय. मी सावद्याहून केळी भरून दिल्लीला गाडी घेऊन जातो. मोटारसायकलवाल्यांना केबिनमधून काय दिसतं ते कोणी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

ताई, भावाला एकदा उभ्या ट्रकच्या ड्रायव्हर सीटवर बसवा. कोणीही ओळखीचा गाडीवाला बसू देईल. मग खाली एकाला मोटारसायकल घेऊन गाडीभोवती फिरायला सांगा. क्लीनर साइडला, म्हणजे डावीकडे, केबिनला लागून तो आला की गायब. मागे फाळक्याला चिकटला की गायब. पुढे बंपरला लागून उभा राहिला तर डोकंसुद्धा दिसत नाही. एवढं एकदा डोळ्यांनी बघितलं की मग सांगावं लागत नाही.

रस्त्यावर ओळखायचं कसं? माझ्या आरशात तुम्हाला माझं तोंड दिसत नसेल तर मलाही तुम्ही दिसत नाही. तोंड दिसलं तरी मी त्या क्षणी आरशात बघतोय असं नाही, पण निदान दिसू शकता.

डावीकडून घुसायचं नाही म्हणजे नाही. मला डावीकडे वळायचं असलं तर लांब गाडी आधी थोडी उजवीकडे काढावी लागते. मोटारसायकलवाल्याला वाटतं डावीकडे जागा झाली, तो आत येतो, आणि मी तर डावीकडेच वळणार असतो. मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून येतात. क्लीनर असला तर तो फाळक्यावर थाप मारून सांगतो, पण आता कितीतरी गाड्या एकट्या ड्रायव्हरवर चालतात.

उजवा इंडिकेटर. आमच्यातले काही जण उजवा इंडिकेटर लावतात तो, ये, ओलांडून जा, असं सांगायला. काही लावतात उजवीकडे वळायचं असतं म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. त्यामुळे भावाने कोणत्याही ट्रकच्या इंडिकेटरच्या भरवशावर ओलांडू नये. पुढचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसला तरच.

ओलांडायला लागलात की रेंगाळू नका. मागे राहा नाहीतर पुढे जा, शेजारी राहू नका. खड्डा आला तर मी गाडी थोडी दाबतो, ती जागा तुमची असते. आणि मोठ्या गाडीच्या बाजूने जाताना वाऱ्याचा मार असतो. तोंडापाशी पोचलात की वारा बाहेर ढकलतो, मागच्या बाजूला आत ओढल्यासारखं होतं. हँडल घट्ट नाही, पण भरीव पकडायचं आणि अंतर ठेवायचं. पुढे गेल्यावर लगेच माझ्यासमोर येऊ नका. माल भरलेली गाडी तुमच्यासारखी चटकन थांबत नाही. माझी अख्खी गाडी तुमच्या आरशात दिसायला लागली की मगच लेनमध्ये या.

केळी नाशवंत माल. गाडी वेळेवर पोचली नाही तर भाव पडतो, म्हणून आमच्या लाइनचे ड्रायव्हर झोप मारून चालवतात. पहाटे दोन ते पाच ही वेळ आमच्यासाठी सर्वात वाईट. त्या वेळेला आमच्यापासून लांब राहा, हे मी स्वतः ड्रायव्हर असून सांगतोय.

पांझराकाठ (धुळे)

मी धुळ्यात अपघात विभागात ब्रदर आहे. तुमना भाऊले एक सांगस, ताई. हेल्मेट घेतलं म्हणता, दारात उभं राहून घालायला लावता, तुमचं कौतुक वाटलं. पण पट्टा लावतो का ते बघा. आमच्याकडे येतात त्यांच्यातल्या कितीतरी जणांबरोबर हेल्मेट येतं, नातेवाइकाच्या हातात. डोक्यावरून आधीच उडालेलं असतं. पट्टा हनुवटीखाली लावून दोन बोटं जेमतेम जातील एवढा आवळायचा. मग हेल्मेट मागून पकडून पुढे ढकलून बघायचं, डोक्यावरून निघालं तर माप मोठं आहे. गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. आत आयएसआयचं चिन्ह आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघा. रस्त्याच्या कडेला मिळणाऱ्या टोप्या डोकं वाचवत नाहीत. आणि पूर्ण तोंड झाकणारंच घ्या. जबडा आणि दात गेलेली पोरं बघवत नाहीत, वीस-बावीस वर्षांची असतात.

एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बदलायचं. बाहेरून काही दिसत नाही, आतला थर्माकोलसारखा थर दबलेला असतो, आणि दुसऱ्या वेळेस तो काही झेलत नाही.

उन्हाळ्याबद्दल कोणी लिहिलं नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. दुपारपाळीला हा मुलगा ऐन दुपारी निघणार. शरीरातलं पाणी कमी झालं की आधी डोकं मंद होतं, ब्रेक उशिरा लागतो, चक्कर नंतर येते. निघायच्या आधीच्या अर्ध्या तासात दोन ग्लास पाणी किंवा ताक, डोक्याला ओला सुती रुमाल आणि त्यावर हेल्मेट, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. रुमालाची टोकं आत खोचलेली हवीत. तुम्ही कधी मागे बसलात तर ओढणीचंही तेच, गळ्याभोवती नाही आणि चाकाजवळ लोंबती नाही.

आणि रस्त्यात दुसऱ्या कोणाचा अपघात झालेला दिसला तर थांबा. १०८ ला फोन करा, महामार्गावर १०३३ सुद्धा चालतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलंय, मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही आणि त्याच्यावर जबाबदारी टाकता येत नाही. बेशुद्ध माणसाचं हेल्मेट ओढून काढू नका, श्वास अडकत असेल तरच, आणि तेही एकाने मान दोन्ही हातांनी धरून. पाणी पाजू नका. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा. लोक घाई करून रिक्षात कोंबतात, त्यात मानेला दुखापत वाढते. भावाच्या पाकिटात रक्तगट आणि तुमचा नंबर कागदावर लिहून ठेवा. फोन लॉक असतो, आम्हाला उघडता येत नाही.

वाघूरकाठ (साकेगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाने दोनदा वाचलं. सावलीची गोष्ट त्याला लगेच पटली, काल संध्याकाळी अंगणात उभा राहून बघत होता. केळीगाडीवाल्या दादांनी सांगितलं तसं ट्रकमध्ये बसून बघायचं ठरलंय, गावात एकाची गाडी आहे. पट्टा तो लावत होता पण ढिला, आज आवळला.

आता त्याचे दोन प्रश्न. एक, रात्री बारानंतरचं काय? दुसरा, त्याच्या गाडीला सीबीएस आहे, पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही लागतो, मग पुढचा वेगळा कशाला दाबायचा, असं तो म्हणतो. शोरूममध्ये तसंच सांगितलं म्हणे.

बियाणेवाला (फैजपूर)

रात्रीचं आधी. त्याच्या गाडीचा दिवा डिपरवर असताना उजेड साधारण तीस-चाळीस मीटर पडतो. साठने थांबायला चाळीस मीटर लागतात, हे वर लिहिलंच आहे. म्हणजे साठच्या वेगात उजेडाच्या टोकाला काही दिसलं तर ते चुकवायला जागाच नाही. म्हणून रात्री चाळीस-पंचेचाळीस. समोर वाहन नसेल तेव्हा अप्पर लावावा, वाहन आलं की डिपर. दिव्याची उंची एकदा मेकॅनिककडून बसवून घ्या, मागे कोणी बसलं की उजेड आभाळात जातो.

समोरच्याने अप्पर सोडलाच नाही तर त्या दिव्याकडे बघायचं नाही. नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची, वेग कमी करायचा, पट्टीच्या आधाराने जायचं. तो गेल्यावर दोन-चार सेकंद डोळ्यांपुढे अंधारी असते, त्यात वेग वाढवायचा नाही, कारण नेमक्या त्या अंधारात बंद पडलेला ट्रक दिव्याशिवाय उभा असतो. मागे झाडाची फांदी किंवा दगड ठेवलेले असतात, एवढीच त्याची खूण. रस्त्यावर मधेच पालापाचोळ्याचा ढीग किंवा दगडांची ओळ दिसली की समजायचं पुढे गाडी उभी आहे, आणि तिथपर्यंत जाण्याआधीच आरसा बघून लेन बदलायची.

गावच्या रस्त्यावर वळल्यावर समोरून एकच दिवा येत असेल तर ती मोटारसायकल आहे असं समजू नये. ट्रॅक्टरचा एक दिवा गेलेला असतो आणि मागे कडब्याची ट्रॉली. कोणत्या बाजूचा दिवा लागलाय ते आपल्याला माहीत नसतं, तेव्हा एका दिव्याला दोन दिव्यांएवढी जागा सोडायची.

माझी एक सवय सांगतो. रात्री महामार्गावर नीट, एका वेगाने जाणारा ट्रक मिळाला तर त्याच्या मागे चार सेकंदांचं अंतर ठेवून चालतो. त्याच्या उजेडात रस्ता लांबवर कळतो आणि त्याचे ब्रेकचे दिवे आधी सूचना देतात. पण तो ट्रक लेनमध्ये हेलकावे घेत असेल तर तो झोपेत आहे, लगेच मागे पडायचं. दीपनगरच्या वीज केंद्रातून राख घेऊन येणारे बल्कर, म्हणजे टाकीचे ट्रक, पुढे असतील तरीही लांब राहा, हेल्मेटची काच धुरकट होते आणि सुक्या फडक्याने पुसली की ओरखडे पडतात. ओरखडे पडलेल्या काचेवर समोरचा दिवा पसरून दिसतो. पाण्याने धुवायची आणि रात्रीसाठी पांढरीच काच ठेवायची, काळी अजिबात नाही.

दहा-वीस रुपयांचं रेडियम आणा. हेल्मेटच्या मागे, मागच्या मडगार्डवर, आणि दोन्ही बाजूंना चेन कव्हरजवळ लावा. बाजूने येणाऱ्याला आपला मागचा दिवा दिसत नाही, रेडियम दिसतं. काळं जॅकेट असेल तर पाठीवरही पट्टा. घरातून निघताना भिंतीला मागची बाजू करून दोन्ही ब्रेक एकेकदा दाबून बघायचे, लाल उजेड भिंतीवर पडतो. हाताच्या ब्रेकचा स्विच खराब झाला तर पायाच्या ब्रेकने दिवा लागतो, म्हणून दोन्ही वेगळे तपासायचे. इंडिकेटर वळल्यावर बंद केला का हे बघायचीही सवय लावा. विसरून चालू राहिलेला इंडिकेटर मागच्याला आणि फाट्यावरच्याला खोटी बातमी देतो.

आणि पाळी संपल्यावर डोळे मिटायला लागले तर निघू नये. गेटवर चहा घेऊन, तोंड धुऊन, पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटून मग निघावं. घरी तुम्ही जाग्या असाल, पण उशीर होतोय म्हणून फोन करू नका ताई. खिशात फोन वाजत राहिला की चालवणाऱ्याचं चित्त तिकडे जातं. त्यानेच निघताना एक मेसेज टाकावा आणि पोचल्यावर दार वाजवावं.

आता ब्रेक. शोरूमवाल्याने अर्धंच सांगितलं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस, आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये पायाच्या ब्रेकसोबत पुढचा थोडासाच लागतो, पूर्ण नाही. चाक जाम होण्यापासूनही तो वाचवत नाही, ते काम एबीएसचं. गाडी थांबताना वजन बरंचसं पुढच्या चाकावर जातं, मागचं चाक हलकं होतं. कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचा ब्रेक करतो. फक्त पायाने ब्रेक मारणाऱ्याची गाडी मागून घसरत लांब जाते. दोन्ही एकत्र दाबायचे, आणि पुढचा झटक्याने नाही, लिंबू पिळावं तसा वाढवत न्यायचा. पहिल्यांदा हलका, वजन पुढे आलं की जास्त. हे करताना हँडल सरळ हवं. वळणात असताना पुढचा जोरात दाबला तर गाडी हातातून जाते, आधी सरळ करायची मग दाबायची. आणि नजर समोरच्या अडथळ्यावर खिळवायची नाही, मोकळ्या जागेवर ठेवायची, कारण जिकडे बघतो तिकडेच गाडी जाते.

हे वाचून येत नाही, हाताला शिकवावं लागतं. रविवारी सकाळी रहदारी नसलेला डांबरी तुकडा बघा. चपलेने झाडून खडी बाजूला करा. तीसच्या वेगाने येऊन एका खुणेपाशी ब्रेक लावायला सुरुवात करायची आणि गाडी कुठे थांबते तिथे दगड ठेवायचा. आधी फक्त पायाने, मग दोन्ही मिळून. दोन दगडांमधलं अंतर बघितलं की त्याचा प्रश्न सुटेल. मग चाळीसने. तुम्ही बाजूला उभ्या राहून रस्त्यावर नजर ठेवा. ओल्या रस्त्यावरही पुढे एकदा करायला लावा, पण तीसच्या वर नाही आणि टायरमधली हवा आधी बघून.